एक जादा क्लिक

2006-07 च्या सुमारास भिवापूरच्या नेट कॅफेत फ्लॅशचा एखादा खेळ उघडला, की तो सुरूच होईना. माउस वर नेला की भोवती चौकट आणि सूचना: चालू करायला क्लिक करा. कॅफेवाला पोरगा म्हणायचा, "अजून एक क्लिक मारा जी, मशीन चांगली आहे."

मशीन चांगलीच होती. तो क्लिक कोर्टातून आला होता. वेबपानाच्या आत फ्लॅशसारखा दुसरा प्रोग्राम आपोआप चालवायच्या युक्तीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाला 1998 मध्ये पेटंट मिळालं. हक्क एओलास या छोट्या कंपनीकडे. तिने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं आणि 2003 मध्ये शिकागोच्या ज्युरीने 52 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मायक्रोसॉफ्टने मग पळवाट काढली: आपोआप काही चालवायचंच नाही, माणसाने क्लिक करावा! एप्रिल 2006 मध्ये आपला ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर तसा बदलला. पुढे तडजोड झाली आणि 2008 मध्ये तो क्लिक गेला. भांडण दोघांचं, बोटं जगभरची दुखली.

पेटंटचा शेवट मात्र 2012 मध्ये टेक्ससला दुसऱ्या एका खटल्यात झाला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली साक्षीला आले. पेई वेई यांच्या व्हायोला ब्राउझरचा दाखला निघाला: ही युक्ती पेटंटच्या अर्जाआधीचीच. ज्युरीने पेटंट रद्द ठरवलं.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 मध्ये देऊन टाकलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते 1997 मध्ये रद्द करवलं. आजीचा शब्द तिथे तेव्हा चालत नव्हता. जुने ग्रंथ आणि 1953 चा छापील लेख पुढे ठेवावा लागला.

आपल्या कायद्यात निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. 2004 च्या अखेरीस अध्यादेशाने हे दार किलकिलं केलं होतं, संसदेने 2005 मध्ये ते लावून घेतलं. बरं केलं, असं मला वाटतं.

तेव्हा भिवापूरच्या पोरापोरींनो, ॲप बनवा की मिरची वाळवायचं यंत्र, पहिल्या दिवसापासून वहीत तारीख टाकून लिहा. पेटंट घ्यायचं असेल तर अर्जाआधी बोभाटा नको. आणि ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं असेल, तर कुठेतरी छापून टाका.