दिवाळीच्या सुट्टीत फुफीकडे



आधी एक सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जण दिवाळीच्या सुट्टीत नातेवाइकांकडे जातात? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! ईदला ऑफिस एक दिवस देतं. त्यात नमाज, शीरखुर्मा, चार घरचे पाहुणे, आणि दुपारी डोळा लागतो. शाळा, ऑफिस, सगळं एकदम बंद असतं ते दिवाळीतच. त्यामुळे आपल्या घरांतल्या ईदच्या राहिलेल्या भेटी दिवाळीत होतात.

2024 च्या दिवाळीत आम्ही चौघं, म्हणजे मी, अब्बू, अम्मी आणि धाकटा भाऊ, छत्रपती संभाजीनगरहून उदगीरला निघालो. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. गाडी माझी आणि चालवणारही मीच. उदगीरला अब्बूंची बहीण राहते, आमची फुफी. आम्ही तिच्याकडे पंधरा वर्षांनी चाललो होतो.

का, ते सांगते. माझे दादा 1998 मध्ये गेले. मागे दोन मुलं, एक मुलगी आणि पैठण रोडला पाच एकर जमीन. कुराणातल्या सूरह निसामध्ये वाटणी स्पष्ट आहे: मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे दोन, दोन आणि एक. पाच एकरांत फुफीचा एक एकर. दुसरीच्या पोरालाही जमेल असं हे गणित आहे. पण फुफीला उदगीरहून बोलावून घेतलं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून. हे फक्त आपल्यात चालतं असं समजू नका. हिंदू मुलींना 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी आमच्या शेजारच्या ताईंनीही त्याच कचेरीत तशीच सही केली.

2009 मध्ये जमीन विकली, पाच लाख रुपये एकराने. त्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी त्याच पैशांतून भरली. फुफांनी फोनवर एकदाच विचारलं की, बहिणीची आठवण आली का? अब्बू म्हणाले, तिने सही केलेली आहे. बोलणं तिथेच बंद झालं. माहेर टिकावं म्हणून केलेल्या सहीनेच माहेर तुटलं.

मी गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरात सगळे कौतुकाने सांगतात की, मुलीला शिकवलं. कोणाच्या पैशाने शिकवलं, हे मला रिटायर झाल्यावर अब्बूंनी स्वतः सांगितलं. एका रात्री जुनी फाईल घेऊन आले आणि म्हणाले, मला झोप लागत नाही.

चाचांनी हात झटकले. मग अब्बूंनी आपल्या वाटचे तरी द्यायचे ठरवले, म्हणजे फुफीच्या पाच लाखांतले अडीच. त्यांना रोकड न्यायची होती, पिशवीत, रुमालात बांधून. मी म्हटलं, अब्बू, विधानसभेची आचारसंहिता आहे, नाक्यानाक्यावर गाड्या तपासतायत, अडीच लाख सापडले तर रात्र पोलिसांना हिशोब देण्यात जाईल. शेवटी चेक लिहिला. तो अब्बूंनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि गेवराईपर्यंत तीनदा चाचपून पाहिला.

सामानात कपड्यांपेक्षा नानच जास्त. आपल्या शहरातला नान-खलिया माहीत नाही असा माणूस इथे नसेल. खलिया उदगीरलाही शिजवता येतो, पण तो पिवळा नान तिकडे कुठला मिळायला? अम्मीने चाळीस घेतले होते. गाडीभर वास.

बीडच्या पुढे मांजरसुंब्याला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. तिथून केज, अंबाजोगाई. अब्बू अजून ‘मोमिनाबाद’ म्हणतात. लातूरच्या अलीकडे सोयाबीनचे ढीग रस्त्याच्या कडेलाच. अब्बू एरवी माझ्या ड्रायव्हिंगवर दर किलोमीटरला एक सूचना करतात. त्या दिवशी लातूर गेलं तरी एक शब्द नाही.

फुफीने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या चावीकडे. “तू चलाके लाई?” मी हो म्हटलं. मग भावाकडे वळून म्हणाली, “कित्ता दुबला हो गया रे!” अब्बूंनी तिथेच, उंबऱ्यात, चेक काढला. ती म्हणाली, “पैले खाना खाओ.”

मला वाटलं होतं, रडारड होईल, ती चेक परत करेल, अब्बू आग्रह करतील. सिनेमात असतं तसं. सकाळी फुफी चष्मा लावून बसली. चेक वाचला आणि विचारलं, “उस साल सोने का भाव क्या था रे?”

मी मोबाईलवर बघितलं. 2009 मध्ये तोळा पंधरा हजारांच्या आसपास. अडीच लाखांचे साडेसोळा तोळे झाले असते. आणि 2024 च्या त्या दिवाळीत तोळा ऐंशी हजारांच्या घरात होता, म्हणजे तेरा लाखांच्या वर. फुफीने हे माझ्याआधी तोंडी केलं होतं. चौथी शिकलेली बाई! जमिनीचा आजचा भाव तिने काढलाच नाही, हे अब्बूंचं नशीब. बिडकीनला औद्योगिक वसाहत आल्यापासून पैठण रोडला एकराचे भाव काय झालेत, ते तुम्हाला मी सांगायला नको.

“ये पैली किश्त,” फुफी म्हणाली आणि चेक कपाटात ठेवला. अब्बूंनी मान हलवली. पुढचे हप्ते मी माझ्या पगारातून देते, कारण फी माझी होती. अम्मीला ते अजून पटलेलं नाही. ती म्हणते, कागद झालाय, कायद्याने काही देणं लागत नाही. कायद्याचं तिचं बरोबर आहे. चाचा तर आमच्याशीही बोलत नाहीत आता.

परत येताना भाऊ गाडी चालवत होता. केजच्या पुढे ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या लागल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पोरं, सगळा संसार, आणि मागे साधा रिफ्लेक्टरही नाही. मागच्या सीटवर अब्बू आणि अम्मी झोपले होते. भावाने हळूच विचारलं, “बाजी, आपल्या घराचं पुढे असं काही झालं, तर तू सही करशील?”

मी म्हटलं, “नाही. आणि समोर बघ, ट्रॉली आहे.”