पडद्यावरची शाई

जुन्या पोथ्या लिहिणाऱ्या लेखकाजवळ रंगांचा संभार बेताचाच असे. मजकुरासाठी काजळाची काळी शाई, ‘उवाच’, श्लोकांचे दंड आणि अध्यायाची समाप्ती दाखवावयास हिंगूळ किंवा गेरू, आणि चुकलेले अक्षर झाकावयास हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या शेवटच्या उपयोगातूनच आला. यांतला कोणताही रंग केवळ शोभेसाठी नव्हता. आपण पोथीत कोठे आहोत, हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षर लागण्याआधीच कळावे, एवढाच त्याचा हेतू. संगणकाच्या पडद्यावर आज १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग उमटू शकतात. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने रंगाचे काम अजून तेच आहे.

मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या साधनाला संगणकाच्या व्यवहारात एडिटर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘ग्नू ईमॅक्स’ हा त्यांतला एक प्रसिद्ध एडिटर. तो १९८५ साली प्रसृत झाला. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञेच्या ओळीवर, त्याचे नाव लिहिले की तो सुरू होतो. त्या नावापुढे उणे चिन्ह देऊन काही अक्षरे लिहिली, की त्याला रंगही सांगता येतात. ‘एफ्-जी’ म्हणजे अक्षरांचा रंग, ‘बी-जी’ म्हणजे त्यांच्या मागच्या पाटीचा, ‘सी-आर’ म्हणजे कर्सरचा. माऊसच्या खुणेला आणि खिडकीच्या कडेलाही असेच स्वतंत्र पर्याय आहेत. ‘ईमॅक्स, उणे बी-जी नेव्ही, उणे एफ्-जी व्हीट’ अशी आज्ञा दिली की गडद निळ्या पाटीवर गव्हाळ अक्षरे उमटतात.

ही रंगांची नावे हा एक मौजेचा विषय आहे. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘एक्स विंडो’ या प्रणालीची सुरुवात झाली. तिच्याबरोबर रंगांच्या नावांची एक यादी येऊ लागली. १९८९ साली तिच्यात भर पडली, तेव्हा काही नावे घरांना देण्याच्या रंगांच्या नमुनापत्रावरून आणि काही चक्क मुलांच्या क्रेयॉन खडूंच्या पेटीवरून उचलली गेली. ‘पपया व्हिप’, ‘पीच पफ’ अशी खाऊच्या दुकानात शोभणारी नावे त्या यादीत आहेत, तसाच ‘इंडियन रेड’ही आहे. हे मूळ नाव लोहयुक्त तांबड्या मातीच्या रंगद्रव्याचे, म्हणजे आपल्या गेरूच्याच गोताचे. नुसत्या करड्या रंगाच्या ० ते १०० अशा १०१ छटा तेथे मांडलेल्या आहेत. ज्याचे नावाने समाधान होत नाही, त्याने आकड्यांनी रंग सांगावा. मात्र ते आकडे ‘हॅश’ या खुणेने सुरू होतात, आणि बहुतेक ठिकाणी आज्ञेची ओळ वाचणारे यंत्र त्या खुणेपासून पुढचा मजकूर टिपण समजून सोडून देते. यास्तव तो आकडा अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. नवशिक्याची तासन्‌तास फसगत होते ती बहुधा येथेच.

कोणी विचारील, रंग एकदाच कायमचे ठरवून का ठेवू नयेत? तशीही सोय आहे. परंतु आज्ञेच्या ओळीवर सांगितलेला रंग त्या बैठकीपुरताच असतो, आणि हीच त्याची खरी किंमत आहे. संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसासमोर एका वेळी दोन खिडक्या उघड्या असतात. एकीत सरावाची प्रत असते. दुसरीत सर्वाधिकार घेऊन उघडलेली मूळ फाइल. दोन्हींतला मजकूर हुबेहूब सारखा. घाईत चुकीच्या खिडकीत एक ओळ खोडली गेली आणि ती जतन झाली, तर शेकडो लोकांचे काम अडून बसते. दुसरी खिडकी तांबड्या पाटीची करून उघडली, तर हात कळफलकावर पडण्याआधीच डोळा सावध होतो.

यात एक अडचण आहे. कायमच्या मांडणीत एखादी तयार रंगयोजना घातलेली असेल, तर ती मागाहून लागू होऊन ओळीवरचा रंग पुसून टाकू शकते. अशा वेळी ‘उणे मोठा क्यू’ हा पर्याय द्यावा, म्हणजे एडिटर ती मांडणी न वाचताच सुरू होतो. उलटपक्षी एक सोयही आहे. पाटी गडद आहे की फिकी हे ईमॅक्स स्वतः पाहतो, आणि टीपा, आज्ञाशब्द वगैरेंचे रंग त्या मानाने उजळ किंवा गडद निवडतो.

अर्थात सर्वांचे डोळे सारखे नसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला तांबड्या-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. त्याला एक खिडकी गडद तांबडी आणि दुसरी गडद हिरवी करून देणे म्हणजे दोन्ही सारख्याच करून देणे होय. २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनी संकेतस्थळांवरील साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पाटी यांच्या उजेडाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे असे सांगितले, तेही रंगाच्या नावाकडे न पाहता. अशा माणसासाठी ईमॅक्सचा सर्वांत साधा पर्याय उत्तम ठरतो. ‘उणे आर-व्ही’ म्हटले की अक्षरांचा आणि पाटीचा रंग यांची अदलाबदल होते. एक खिडकी पांढऱ्यावर काळी, दुसरी काळ्यावर पांढरी. रंगाचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही, आणि ज्या साध्या टर्मिनलवर वेगळ्या खिडक्या नसतात तेथेही हा पर्याय चालतो.