एका रविवारचा समुद्र



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण फाटकावरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज आम्ही शास्त्र सांगणार नाही. घरच्या एका सहलीची हकिकत सांगू आणि तिच्यातून निघालेला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवू.

सोलापूरकराला समुद्र लांब. मुंबई रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर. परंतु शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघावे, दिवसभर गिरगाव चौपाटीवर काढावा, रात्री त्याच गाडीने परतावे, की सोमवारी सकाळी माणूस कामावर हजर. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही असेच निघालो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार. दोघांनी तोवर पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव. सोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज एकेक जोड.

समुद्र दिसताच मुलगा धावत सुटला. मुलगी मात्र जागीच उभी राहिली. त्या दिवसांत आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येई. ती आईला म्हणाली, “आई, घागर आणायची राहिली.” आम्ही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. पुढे तिने पाणी चाखले, तोंड वाकडे केले आणि मग घागरीचा विषय सोडून ती वाळूत बसली.

लहान मुले घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे एका वृद्ध कोळ्याने आम्हांला हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. “सकाळी पाणी मागे जातंय, खेळू द्या. बारानंतर ते फिरेल, मग पोरं मागे घ्या,” असे तो म्हणाला. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतले अंतरही कमी असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. शाळेत न गेलेल्या माणसाचे हे ज्ञान आम्ही वहीत टिपून घेतले.

दुपारी भाकरी सोडली तेव्हा आम्हांला सभेची सवय आठवली. चौपाटीपासून थोड्या अंतरावर महालक्ष्मी आहे. तेथे 24 एप्रिल 1890 रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार गिरणी-कामगार जमले होते. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे सारे आम्ही मुलांना सांगितले आणि म्हणालो, “आज आपण त्यांच्या रविवारावर येथे बसलो आहोत.”

आमच्या घरी मंडळी विड्या वळतात. त्या शांतपणे म्हणाल्या, “तो रविवार तुमचा. आमच्या सुपात तो कधी पडला नाही. सोमवारपासून रोज पावणेदोनशे विड्या जास्ती वळल्या, तेव्हा आजचा दिवस निघाला.”

आठवडाभर दिवा उशिरापर्यंत जळत होता. आम्ही समजलो होतो, प्रवासाची तयारी चालली आहे. वीस वर्षे फाटकाफाटकावर लोखंड्यांचे नाव घेणाऱ्या माणसाला आपल्याच घरातला हिशेब ठाऊक नव्हता!

बंधुभगिनींनो, 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. 1966 च्या कायद्याने विडी-कामगारांसाठीही साप्ताहिक सुट्टी आणि भरपगारी रजा लिहून ठेवली. परंतु जिथे हजारामागे मजुरी मिळते आणि काम घरात होते, तिथे सुट्टी म्हणजे न वळलेल्या विड्या. छाट निघालेल्या विड्यांचे नुकसान निराळेच. कोणी “काम कर” म्हणून सांगत नाही, आणि तरी हात थांबत नाही.

त्या सहलीनंतर आमच्या मागण्यांच्या यादीत भरपगारी रजा शेवटून वर आली. तोवर ती बोनसच्या खाली, जागा उरली तर, लिहिली जाई. काही ठिकाणी रजेचे पैसे मिळाले, काही ठिकाणी अजून झगडा चालू आहे. पण त्या दिवसापासून सभेत आम्ही बायांना प्रथम विचारतो, “गेला रविवार कसा गेला?” उत्तरातच पुढचे भाषण असते.

समुद्राला तिकीट लागत नाही. महाग असतो तो दिवस. या सुट्टीत आपणही मुलांना घेऊन कोठे तरी जाल; अवश्य जा, तिथी पाहून जा. मात्र निघण्यापूर्वी आपल्या घरी भांडी घासणारी बाई, आपले कपडे शिवणारा कारागीर, आपल्या बोळात विड्या वळणारी शेजारीण यांना एवढेच विचारा : तुम्हांला भरपगारी दिवस आहे काय? उत्तर ‘नाही’ आले, तर त्यातले जे आपल्या हातचे आहे ते आपण आधी द्या. उरलेल्यासाठी आम्ही आहोतच.