इंटरनेटवरील बोलणे : सोय आणि सावधगिरी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रात्री दर उतरल्यावर एसटीडी बूथबाहेर रांग लावणारी आमची पिढी. परदेशी फोन म्हणजे मीटरच्या आकड्यांकडे पाहत उरकायचे बोलणे. आज परदेशात शिकणारी मुलगी रोज अर्धा तास आईशी बोलते आणि त्याचे वेगळे बिल येत नाही. १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याची सोय बाजारात आणली, २००३ मध्ये स्काईप आले, २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येऊ लागले. स्काईप मे २०२५ मध्ये बंदही झाले.

हे स्वस्त का, तेही समजून घेऊ. जुन्या पद्धतीत बोलणे संपेपर्यंत दोन फोनांमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते सर्वांच्या सामाईक रस्त्याने जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. म्हणून खर्च कमी. पण रस्त्यावर गर्दी झाली की तुकडे उशिरा पोहोचतात, काही हरवतात आणि आवाज तुटतो. म्हणजे गुण आणि दोष यांचे मूळ एकच आहे.

आणखी दोन उणिवा ध्यानात ठेवाव्यात. जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे; घरातील वीज गेली की राऊटर मात्र बंद पडतो. तसेच व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही; त्यासाठी साधाच फोन करावा लागतो.

परंतु सर्वांत मोठा धोका वेगळा आहे. दूर देशात बसलेला ठगही याच सोयीने फुकट आपल्या घरात येतो. गणवेश घालून पडद्यावर दिसतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कुणाला सांगू नका’ असे धमकावतो. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे. घाबऱ्या चेहऱ्याने मुदतीआधी ठेव मोडायला आलेला आणि कारण न सांगणारा वृद्ध खातेदार, हे दृश्य आता बँकांना नवे नाही. अशा वेळी कारकुनाने दोन प्रश्न अधिक विचारले, तर कृपया रागावू नका. ती जन्माची पुंजी असते.

डिजिटल अटक असा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. पोलीस वा न्यायालय फोनवरून पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात. जितके लवकर कळवाल, तितकी ते रोखले जाण्याची आशा अधिक.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. सांगणारा थोर दिसतो एवढ्यावरून कशाचाही स्वीकार करू नका, स्वतः पारखून घ्या, हे त्याचे सार. ते पडद्यावरील गणवेशालाही लागू आहे. आणि चौथे शील समोरासमोर जेवढे पाळायचे, तेवढेच फोनवरही पाळायचे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वस्तीतील एकेका वृद्धाला आपण एवढे शिकवू या : अनोळखी फोन आला आणि भीती वाटली तर आधी फोन ठेवायचा, मग घरच्यांना हाक मारायची. ११२ आणि १९३० हे आकडे ठळक लिहून त्यांच्या भिंतीवर लावू या. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशात दुसऱ्याला शिकवणेही येते, असे आम्ही मानतो.

जयभीम! नमो बुद्धाय!