पाण्यात पाय, वर फळ



कोळसा कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाने फळझाडांच्या मुळांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमचे पुष्कळ कामगार पाळी संपली की शेतकरी असतात. ब्रह्मपुरी-आरमोरीकडे धानाच्या बांधीलगत कोणी संत्र्याची कलमे लावतो आणि श्रावणात पाणी हटले नाही की ती माना टाकतात.

झाड पाण्याने मरत नाही, हवेवाचून मरते. भुयारात वारा पोचेनासा झाला म्हणजे काय होते, हे येथे बसलेल्या कित्येकांना ठाऊक आहे. मुळांचेही तेच. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरले की प्राणवायूची चाल हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंदावते. मुळे गुदमरतात आणि फायटोप्थोरा नावाच्या रोगाची बीजे शेपट्या हलवीत पाण्यातून पोहत येतात. मग मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक वाहतो.

नागपुरी संत्र्याचे झाड म्हणजे दोन झाडांचा संसार. वर संत्रा, खाली खुंट. हा खुंट बहुधा जंबेरीचा. ती जोमाने वाढते, डोळा लवकर भरता येतो; पण या रोगापुढे ती हात टेकते.

मग चिवट खुंट जगात नाहीच काय? आहे. चीनकडचा काटेरी त्रिपर्णी संत्रा या रोगाला दाद देत नाही. पण चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात. म्हणून संकर करावा लागतो. १८९७ साली फ्लॉरिडात स्विंगल यांनी त्रिपर्णीचा गोड संत्र्याशी संकर आरंभिला. त्यांना हवे होते थंडी सोसणारे फळ. फळे निघाली कडू, खुंट मात्र जगभर पसरले!

आपल्याकडे नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. काम चिकाटीचे आहे. या जातींच्या एका बीतून अनेक रोपे उगवतात आणि बहुतेक आईचीच नक्कल असतात. रोपवाटिकेला ते सोयीचे, संकर करणाऱ्याला डोकेदुखी. शिवाय बागेत दहा-पंधरा वर्षे पाहिल्याखेरीज खुंटाची परीक्षा पुरी होत नाही. सरकारचा अर्थसंकल्प मात्र एका वर्षाचा.

कोणी म्हणेल, वैनगंगेकाठचे जांभूळ पाण्यात खुशाल उभे असते, त्यावरच संत्रा बांधा. तो धरणार नाही. कलमालाही गोत्र जुळावे लागते. अशा ओल्या जागी जांभळावर जांभळाचेच चांगले कलम लावावे. संत्रा लावायचाच असेल तर उंच वरंबा आणि पाणी काढणारा चर आधी हवा, आणि डोळ्याचा सांधा जमिनीच्या चांगला वर राहिला पाहिजे.

आज कलम विकत घेणारा वरचे हिरवे पान पाहतो. खाली कोणता खुंट आहे, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. फसगत कळते चार-पाच वर्षांनी, तोवर पावतीही हरवलेली असते. कामगाराची हजेरी नावानिशी लागते. खुंटाचे नाव आणि डोळा किती उंचीवर भरला ते पावतीवर लिहून मागावे, एकेकट्याने नव्हे, गावाने मिळून. पाऊस पडण्यापूर्वी हे करता येईल.