साबुदाणा मूळचा कुठला?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं 'मनोगत' छापलंय. विषय दिलेला नाही, म्हणून मीच निवडला. एकादशीच्या आदल्या रात्री आपल्या घरोघरी भिजत पडतो, त्या साबुदाण्याबद्दल बोलतो.

आपण इकडे त्याची उसळ म्हणतो, पुण्या-मुंबईचे पाहुणे खिचडी म्हणतात. पण खरी गंमत 'साबुदाणा' या शब्दातच आहे. 'सागू' हा मलाय भाषेतला शब्द. तिकडे या नावाचं ताडासारखं झाड असतं. त्याच्या खोडातल्या गाभ्यातून सत्त्व काढून दाणे करायचे. ते जहाजांतून आपल्याकडे आले. सागूचा साबू झाला, पुढे दाणा लागला. तमिळ लोक 'जव्वरिसी' म्हणतात, म्हणजे जावा बेटाचा तांदूळ. तेलुगूत 'सग्गुबिय्यम', कानडीत 'सब्बक्की'. त्यांतले 'बिय्यम' आणि 'अक्की' म्हणजेही तांदूळच.

आता बघा, आज आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नाहीच. तो एका कंदाचा आहे. या कंदाचं मूळ दक्षिण अमेरिकेत. त्याच्या काही जातींचा रस विषारी असतो. ब्राझीलचे तुपी लोक कंद किसून, पिळून रस काढून टाकत आणि तळाशी बसलेलं सत्त्व भाजून खात. पिळून उरलेला गाळ, या अर्थाच्या त्यांच्या शब्दाचं पोर्तुगीजांनी 'टॅपिओका' केलं. म्हणजे इतरांनी नावात गाव सांगितलं, तुपींनी त्यामागची मेहनत सांगितली.

पोर्तुगीजांबरोबर तो कंद केरळात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतर त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तिथले लोक त्याला 'कप्पा' म्हणतात आणि उकडून माशाच्या कालवणाबरोबर खातात. तिथे मासळीसोबत आणि आपल्याकडे उपासाला! दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया, सिंगापूर जपानच्या हाती गेलं आणि तिकडचा माल बंद झाला. तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या व्यापाऱ्यांनी याच कंदाचे दाणे करायला सुरुवात केली. १९८१ मध्ये तिथल्या उत्पादकांनी 'सॅगोसर्व्ह' ही संस्था काढली. तीही आपल्यासारखी सहकारी, बरं का!

म्हणजे नाव मलायातल्या झाडाचं, माल अमेरिकेतल्या कंदाचा, पत्ता सेलमचा. बँकेत असा खातेदार समोर आला असता, तर मी त्याचं खातं उघडलं नसतं! त्याच्या सोबतीचे शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची, ही मंडळीही मूळची अमेरिका खंडातलीच. आपल्या उपासाच्या ताटात इतके बाहेरचे आहेत, पण माझ्या आजीनं कधी कुणाला 'तू केव्हा आलास?' असं विचारलं नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सोसायटीला २५ वर्षं झाली. तरी पाण्याचा किंवा पार्किंगचा विषय निघाला, की वार्षिक सभेत कुणीतरी म्हणतंच, "आम्ही मूळ सभासद, तुम्ही नंतर आलेले." १९६० चा सहकार कायदा 'एक सभासद, एक मत' म्हणतो. शेअर सर्टिफिकेट रीतसर नावावर झालं, की पहिल्या दिवशीचा सभासद आणि काल आलेला सभासद यांच्या मताची किंमत सारखीच. आणि जे भाडेकरू आहेत, त्यांना मत नसेल. पण रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर आधी तेच गाडी काढतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून कार्यकारिणीला एकच विनंती. 'नंतर आलेले' हे दोन शब्द या वर्षापासून सभेतून काढून टाका. इतिवृत्तात तशी नोंद झाली, तर सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक मात्र नंतर आलेल्यांपैकी नको, पहिल्या दिवसापासूनचा हवा.