खेळातील किल्ला आणि त्याचे पाणी



दिवाळीच्या सुट्टीत गावोगावी मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात. दगडविटांवर पोते पसरावे, त्यावर चिखलाचा लेप द्यावा, तटबुरूज उभारून मावळे मांडावेत व उतारावर अळीव पेरावेत, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. या खेळाने इतिहासाची गोडी लागते, हे खरेच; परंतु पाणी व शेती यांचा पाठही त्यात दडलेला आहे. तट कसा बांधला, हे मुलांना कौतुकाने विचारले जाते; गडावरची माणसे काय पितील, हे सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः गड टिकतो तो पाण्यावर. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात प्रथम पाणी पाहून मगच किल्ला बांधावा, असे बजावले आहे. एका झऱ्यावर विसंबणे त्यांस मान्य नव्हते. युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, असे त्यांनी सांगितले आहे. यास्तव राखीव टाकी बांधून त्यांतील पाणी एरवी खर्चू नये, असा त्यांचा दंडक होता.

धान्याचीही तीच गोष्ट. गडावर शेतीला जागा थोडी. पिके पायथ्याच्या गावांत होत व धान्य वर नेऊन साठवावे लागे. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती ही प्रचंड कोठारे आजही पाहावयास मिळतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरने त्या गडास अनेक महिने वेढा घातला. अशा वेळी शेत खाली आणि माणसे वर असतात; मधली वाट तुटली की साठाच काय तो आधार.

मुलांनी आपल्या किल्ल्यावर एक टाके साध्या मातीत व दुसरे चिकणमातीने लिंपून करावे. दोहोंत सारखेच पाणी ओतावे आणि सायंकाळी कोणत्यात किती उरले ते पाहावे. एका उतारावर अळीव पेरावेत, दुसरा उघडा ठेवावा. अळिवाची मुळे धरल्यावर दोहोंवर झारीने पाणी शिंपडावे. गढूळ पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे मुले आपण होऊन सांगतील.

वरच्या वर्गांस गणितही घालता येईल. गडावर १०० माणसे आहेत आणि प्रत्येकास रोज ५ लिटर पाणी लागते, असे धरावे. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या २४० दिवसांस १,२०,००० लिटर पाणी हवे. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद व २ मीटर खोल टाक्यात ते नेमके मावते. मग मुलांना विचारावे: उन्हाने उडून जाणारे आणि भेगांतून झिरपणारे पाणी कोठून भरून काढावयाचे? गुरांना काय पाजावयाचे? दुसरे टाके का हवे, हे येथे आज्ञापत्र न वाचताही उमगते.

हेच गणित पुढे गावाच्या विहिरीस लावावे. दिवाळीत विहीर भरलेली असते, म्हणून हिशेबाची वेळ तीच होय. चैत्रात डोक्यावर हंडा घेऊन दूरवर जाणारी मुलगी शाळेस मुकते, हे शिक्षकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? मातीचा किल्ला काही दिवसांत ढासळेल. परंतु दर आठवड्यास विहिरीची पातळी मोजून ती वर्गातील फळ्यावर लिहिण्याची सवय मुलांना लागली, तर तो खेळ सार्थकी लागला असे समजावे.